भाषेची पदवी, हातात कॅमेरा

भाषा घेऊन बी.ए. झालेल्या मुलीला, आता काय मास्तरीण होणार का, असं हमखास विचारतात. ऑस्ट्रियातल्या ग्राझला १९२३ मध्ये जन्मलेल्या इंगे मोराथचीही पदवी भाषांचीच. बर्लिनला, १९४४ मध्ये, ऐन महायुद्धात मिळालेली. मग कारखान्यात सक्तीची मजुरी. तिथून जीव वाचवत पायी ऑस्ट्रिया गाठलं.

युद्धानंतर पोटासाठी भाषांतरं केली, व्हिएन्नात अर्न्स्ट हास यांच्या फोटोंना मजकूर लिहिला. १९४९ मध्ये दोघांना पॅरिसच्या मॅग्नम या फोटोग्राफरांच्या संस्थेत बोलावणं आलं. तिथंही काम तेच, दुसऱ्यांचे फोटो निवडायचे, त्यांवर लिहायचं. पण बघता बघता डोळा तयार झाला! १९५१ मध्ये पावसातलं व्हेनिस पाहून तिनं रॉबर्ट कापाला फोन केला, कुणाला तरी पाठवा म्हणून. तूच काढ की, असं त्यानं सुनावलं. तिनं काढले. १९५५ मध्ये ती मॅग्नमची पूर्ण सदस्य झाली.

१९६२ मध्ये नाटककार आर्थर मिलर यांच्याशी लग्न झालं (हो, मर्लिन मन्रोचे आधीचे पती), तरी कॅमेरा सुटला नाही. भाषाही नाही. रशियाला जायचं म्हणून रशियन शिकली, १९७८ च्या चीन दौऱ्याआधी चिनी. ती २००२ मध्ये गेली. त्यानंतर मॅग्नमनं तरुण स्त्री-फोटोग्राफरांसाठी तिच्या नावानं पुरस्कार सुरू केला.