माल्टच्या गंधामागचे माय्यार

मोड आणून वाळवलेली नाचणी मंद आचेवर भाजू लागली, की तिचा रंग गडद होतो आणि घरभर खमंग दरवळ पसरतो. भट्टीत बार्लीचे माल्ट तयार होताना हेच घडते. या रंगगंधामागील मुख्य रासायनिक अभिक्रिया ज्यांच्या नावाने ओळखली जाते, ते फ्रेंच शास्त्रज्ञ लुई कामिय माय्यार मात्र गंधाच्या शोधात नव्हतेच.

लॉरेन प्रांतातील पाँ-ता-मूसाँ येथे ४ फेब्रुवारी १८७८ रोजी त्यांचा जन्म झाला. नान्सी येथे १९०३ मध्ये वैद्यकातील डॉक्टरेट मिळवून तेथेच ते रसायनशास्त्राच्या अध्यापनात रमले. सजीवांच्या शरीरात अमिनो आम्ले एकमेकांना जोडून प्रथिने कशी घडतात, हा त्यांचा ध्यास होता. जर्मनीच्या एमिल फिशर यांनी अशी जोडणी प्रयोगशाळेत करून दाखवली होती. पण त्यासाठी वापरलेली तीव्र रसायने जिवंत पेशीत कोठून येणार? माय्यार यांनी सौम्य पदार्थ वापरून पाहिले. प्रथम ग्लिसरीन, मग साखर.

ग्लायसिन आणि ग्लुकोज थोड्या पाण्यात तापवताच मिश्रण पिवळे पडले, पाठोपाठ तपकिरी झाले आणि त्यातून कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे निघू लागले. हवी ती साखळी हाती आली नाही. तरीही या अनपेक्षित निकालाचे मोल ओळखून त्यांनी जानेवारी १९१२ मध्ये तो फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे ठेवला. मधुमेहापासून जमिनीतील ह्यूमसपर्यंत अनेक गोष्टींशी त्याचा संबंध असावा, असे त्यांचे अनुमान होते. त्याच वर्षी नान्सीतील व्हिक्टर ग्रीन्यार यांना नोबेल मिळाले; माय्यार यांच्या वाट्याला तसा गौरव कधीच आला नाही.

न्यायाने पाहता, माल्टचा मान आर्थर लिंग यांचा. भट्टीतील उष्णतेने अमिनो आम्ले व शर्करा यांच्या संयोगातून माल्टला रंग व गंध येतो, असे या ब्रिटिश रसायनज्ञाने १९०८ मध्येच मांडले होते. मात्र अभिक्रियेचा पद्धतशीर अभ्यास केला तो माय्यार यांनी.

पहिल्या महायुद्धातील लष्करी सेवेने त्यांची प्रकृती खालावली. १९१९ मध्ये ते अल्जीयर्स विद्यापीठात प्राध्यापक झाले. त्यानंतर संशोधन जवळपास थांबलेच. १२ मे १९३६ रोजी पॅरिसमध्ये परीक्षक म्हणून आले असताना अचानक त्यांचे निधन झाले. अभिक्रियेचे टप्पे सुसंगतपणे मांडणारा जॉन हॉज यांचा आराखडा १९५३ चा.

माय्यार यांना रंग डोळ्यांनी पाहता येत होता, वायू मोजता येत होता. गंध सुटा करण्याचे साधन त्यांच्याकडे नव्हते. गॅस क्रोमॅटोग्राफीने ते १९५२ नंतर दिले. आता माल्टचा अर्क लांबलचक, केसासारख्या बारीक नळीतून पाठवतात. त्यातील संयुगे एकामागून एक बाहेर पडतात. काही भाग यंत्राकडे जातो, काही काचेच्या नळीशी नाक लावून बसलेल्या विश्लेषकाकडे. आलेखावरील मोठे शिखर कित्येकदा निर्गंध निघते, तर जेमतेम दिसणारे संयुग नाकाला तत्काळ जाणवते. ल्युसिन या अमिनो आम्लापासून बनणारे ३-मिथिलब्युटॅनल त्यांपैकीच एक. ते नळीतून बाहेर येताच विश्लेषक वेळेची नोंद करून पुढे एकच शब्द लिहितो : माल्ट.