माऊस अडखळला आणि हर्ट्झ आठवले!

परवा माझा वायरलेस माऊस अडखळायला लागला. सेल बदलला, तरी तेच. मग रिसीव्हर सीपीयूच्या मागच्या पोर्टमधून काढून पुढच्या पोर्टला लावला आणि माऊस सुरळीत चालू! लोखंडी कॅबिनेट लहरींच्या आड येत होतं.

माझ्या माऊसवर '२.४ गिगाहर्ट्झ' लिहिलंय. त्यातले हाइनरिश हर्ट्झ १८५७ मध्ये हॅम्बुर्गला जन्मले. कार्ल्सरूह इथे १८८७-८८ च्या सुमारास ठिणग्या पाडून त्यांनी रेडिओ लहरी प्रयोगाने सिद्ध केल्या. जस्ताच्या पत्र्यावरून त्या परत फिरतात, हेही दाखवलं.

मला भावतं ते त्यांचं बिघाड शोधणं. रिसीव्हरची बारीक ठिणगी नीट दिसावी म्हणून त्यांनी तो अंधाऱ्या पेटीत ठेवला, तर ठिणगी आणखीच छोटी झाली! त्यांनी ते सोडून दिलं नाही. मध्ये काच धरली, ठिणगी छोटीच. क्वार्ट्झ धरला, फरक नाही. म्हणजे पेटी आणि काच अतिनील प्रकाश अडवत होत्या.

१८९४ मध्ये, अवघ्या ३६ व्या वर्षी ते गेले. बिनतारी यंत्रांचं युग त्यांना बघायलाच मिळालं नाही.

तेव्हा माऊस रुसला तर लगेच नवा घेऊ नका. एका वेळी एकच गोष्ट बदलून बघा.