डॉ. बॉब स्मिथ : दारूच्या आहारी गेलेला सर्जन आणि पहिला स्वमदत गट

दारू सोडायला मनाचा निश्चय पुरेसा असतो, असे घरोघरी ऐकू येते. निश्चय, शिक्षण, चांगली पत्नी, यांपैकी कशाचीच उणीव नसलेल्या एका डॉक्टरांची ही हकिगत आहे.

रॉबर्ट होलब्रुक स्मिथ यांचा जन्म 8 ऑगस्ट 1879 रोजी अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात झाला. कॉलेजात असल्यापासूनच ते भरपूर पीत. त्यापायी वैद्यकीय शिक्षण रखडले आणि पदवी मिळाली ती 1910 मध्ये. पुढे ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन शहरात ते मोठे आतडे व गुदाशय यांचे सर्जन म्हणून स्थिरावले. 1915 मध्ये अ‍ॅन यांच्याशी लग्न झाले. 1920 मध्ये देशात दारूबंदी आली, तेव्हा आता आपण आपोआप सुटू असे त्यांना वाटले. पण औषधी वापरासाठी डॉक्टरांना अल्कोहोल मिळत असे, आणि चोरटी दारूही होतीच. सकाळी हाताची थरथर थांबवायला झोपेची औषधे, संध्याकाळी दारू, असे चक्र वर्षानुवर्षे चालले. बाटल्या कोळशाच्या पेटीत, दाराच्या वरच्या तुळईवर लपवलेल्या असत. ज्यांच्या घरी तांदळाच्या डब्यात बाटली सापडली आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही.

1933 च्या सुमारास अ‍ॅन त्यांना एका धार्मिक गटाच्या बैठकांना नेऊ लागल्या. सुमारे अडीच वर्षे ते जात राहिले, पुस्तके वाचली, प्रार्थना केली आणि पीतही राहिले. गटात जाऊनही फरक पडत नाही म्हणून निराश झालेल्या कुटुंबांनी हा काळ जरूर लक्षात घ्यावा. तिथली माणसे भली होती. पण दारूची ओढ आतून अनुभवलेला, तिच्यातून बाहेर पडलेला माणूस त्यांना तिथे भेटला नव्हता.

तो मे 1935 मध्ये भेटला. न्यूयॉर्कचे बिल विल्सन शेअरबाजारातले. काही महिन्यांपूर्वीच त्यांनी दारू सोडली होती. अ‍ॅक्रनमधला व्यवहार फिसकटला, हॉटेलच्या बारमधून आवाज येत होते. पिण्यापासून वाचायचे तर दुसऱ्या एखाद्या पिणाऱ्याशी बोलायला हवे, हे ओळखून त्यांनी चर्चच्या धर्मगुरूंना फोन लावले. त्यातून डॉ. बॉब यांची गाठ पडली. पंधरा मिनिटांच्या बोलीवर आलेले डॉक्टर काही तास बसले. विल्सन यांनी उपदेश केला नाही, स्वतःची हकिगत सांगितली. शिवाय या भेटीची गरज विल्सन यांनाही तेवढीच होती. माझ्या मते स्वमदत गटाचे सारे बळ या एका गोष्टीत आहे.

तरी डॉ. बॉब पुन्हा घसरले. वैद्यकीय परिषदेला गेले आणि तिथे बेसुमार प्यायले. परतल्यावर शस्त्रक्रिया करायची होती आणि हात थरथरत होते, म्हणून विल्सन यांनी त्यांना बिअर दिली. हा त्यांचा शेवटचा घोट. 10 जून 1935 हा अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे एए, या संघटनेचा स्थापना दिन मानतात. (घरी हा प्रयोग करू नका. रोज खूप पिणाऱ्याने दारू अचानक बंद केल्यास फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांत भ्रम होऊ शकतो आणि जिवावरही बेतू शकते. सोडण्याआधी डॉक्टरांना भेटा.)

त्यानंतर दोघे रुग्णालयातल्या रुग्णांकडे जाऊ लागले. 1939 पासून सेंट थॉमस रुग्णालयात सिस्टर इग्नेशिया यांनी साथ दिली. दारूच्या रुग्णांना तेव्हा कोणी दाखल करून घेत नसे, म्हणून पहिल्या रुग्णाच्या कागदावर जठराचा दाह असे निदान लिहिले गेले! डॉ. बॉब यांनी हजारो रुग्णांवर विनामूल्य उपचार केले. दारूची ओढ मात्र सोडल्यानंतरही सुमारे अडीच वर्षे त्यांना छळत होती. तेव्हा महिनाभर सभेला जाऊनही प्यावेसे वाटते, याचा अर्थ उपचार फसला असा नाही. 16 नोव्हेंबर 1950 रोजी मोठ्या आतड्याच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. शेवटची पंधरा वर्षे ते दारूपासून दूर होते.

महाराष्ट्रातही एएच्या सभा मराठीतून भरतात. पत्ता व्यसनमुक्ती केंद्रात, मानसोपचारतज्ज्ञांकडे किंवा एएच्या हेल्पलाइनवर मिळतो. पुण्याच्या मुक्तांगणसारख्या केंद्रातून घरी परतणाऱ्यांनी तर जवळचा गट आधीच शोधून ठेवावा. फी नसते, आडनाव सांगावे लागत नाही. पहिल्या दिवशी नुसते ऐकत बसले तरी चालते. एका गटात मन रमले नाही तर दुसरा पाहावा. खुल्या सभेला घरचेही येऊ शकतात, बंद सभा फक्त दारू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी असते. घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉनचे वेगळे गट आहेत. पिणारा माणूस यायला तयार नसला, तरी तुम्ही तिथे एकटे जाऊ शकता.