बाबा आमटेंना बसता येत नव्हतं, तरी ते देशभर फिरले! सांध्यांची झीज म्हणजे नेमकं काय? उतारवयात काळजी कशी घ्यायची?

हिंगोली : हळद काढणीचे दिवस संपले की जिल्ह्यात घरोघरी एकच तक्रार ऐकू येते. कुणाचे गुडघे धरले, कुणाची कंबर. 'वय झालं, आता चालायचंच' म्हणून विषय संपतो. पण झिजलेलं शरीर घेऊन किती काम करता येतं आणि त्यासाठी काय बदलावं लागतं, हे बाबा आमटे यांच्या आयुष्यातून समजून घेता येतं.

कोण होते बाबा आमटे?

मुरलीधर देवीदास आमटे यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी हिंगणघाटचा. घर जमीनदाराचं, शिक्षण वकिलीचं. १९४६ मध्ये साधनाताईंशी लग्न झालं. १९४९ मध्ये त्यांनी वरोऱ्यात महारोगी सेवा समिती स्थापन केली. पुढे खडकाळ माळरानावर कुष्ठरुग्णांसोबत विहिरी खणून, शेती करून आनंदवन उभं केलं.

त्यांना काय त्रास होता?

बाबांना मानेच्या आणि पाठीच्या मणक्यांचा गंभीर त्रास होता. उत्तरायुष्यातील कित्येक वर्षं त्यांना बसता येत नसे. एकतर उभं राहायचं, नाहीतर आडवं व्हायचं.

दोन मणक्यांमध्ये गादीसारखी चकती असते. गाडीच्या शॉकअपसारखं ती धक्के झेलते. वयानुसार तिच्यातलं पाणी कमी होतं, ती चपटी होते, मागच्या छोट्या सांध्यांवर भार येतो आणि हाडांना टोकं फुटतात. यालाच स्पाँडिलोसिस म्हणतात. नस दाबली गेली तर हातापायात कळा, मुंग्या येतात. वाकून बसल्यावर कमरेच्या चकत्यांवर उभं राहण्यापेक्षा जास्त दाब येतो.

गुडघ्याची झीज याच कुळातली. तिथे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, म्हणजे कूर्चा, झिजते. वय, वाढलेलं वजन, जुनी दुखापत, अनुवंशिकता आणि वर्षानुवर्षांचं जड काम यामुळे धोका वाढतो.

मग ते फिरले कसे?

१९८५ मध्ये वयाच्या सत्तरीत बाबांनी कन्याकुमारीहून काश्मीरच्या दिशेने 'भारत जोडो' यात्रा काढली. तरुण सायकलवर आणि बाबा सोबतच्या गाडीत, बिछान्यावर पडून. सभेच्या ठिकाणी ते उभे राहून बोलत. १९८८ मध्ये इटानगर ते ओखा अशी दुसरी यात्रा झाली. १९९० मध्ये ते आनंदवन सोडून नर्मदेकाठी कसरावदला राहायला गेले आणि सुमारे दशकभर तिथेच राहिले. ९ फेब्रुवारी २००८ रोजी आनंदवनात त्यांचं निधन झालं. तेव्हा ते ९३ वर्षांचे होते.

यातून 'दुखणं सोसा' असा अर्थ काढू नका. बाबांचा मणका इच्छाशक्तीने बरा झाला नाही. त्यांनी कामाची पद्धत शरीराला जुळवून घेतली. आपल्यालाही तेच करायचं आहे.

घरी काय करता येईल?

- हालचाल थांबवू नका : रोज झेपेल तेवढं सपाट रस्त्यावर चाला. खुर्चीत बसून पाय सरळ करा, पाच आकडे धरून ठेवा, खाली आणा. मांडीचे स्नायू बळकट झाले की गुडघ्याला आधार मिळतो.
- वजन : जास्त वजन असेल तर १ किलो कमी केल्यावर चालताना गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोंनी हलका होतो.
- उकिडवं बसणं टाळा : निंदणी, भांडी, निवडणं यासाठी स्टूल वापरा. शौचालयात कमोड किंवा कमोडची खुर्ची ठेवा.
- काठी : दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरा. यात कमीपणा नाही.
- गोळ्या : दुकानातून परस्पर आणून रोज वेदनाशामक घेऊ नका. पोटात रक्तस्राव होऊ शकतो, मूत्रपिंडावरही परिणाम होतो. लावायचं मलम आधी वापरून पाहता येतं, तेही डॉक्टरांना विचारून.
- हळद : आपल्या जिल्ह्याचं पीक असलं तरी हळदीचं दूध हा उपचाराला पर्याय नाही.

डॉक्टरांकडे लगेच कधी जायचं?

सांधा लाल, गरम होऊन ताप आला, हातातली पकड किंवा पायातली ताकद कमी झाली, लघवी-शौचावरचा ताबा सुटला तर थांबू नका. सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासापेक्षा जास्त राहत असेल तर दुसरा संधिवातही असू शकतो, तपासून घ्या. व्यायाम आणि औषधांनीही चालणं, झोपणं अवघड होत असेल, तर सांधेरोपणाबद्दल अस्थिरोगतज्ज्ञांशी बोला.

आनंदवनात बोटं गमावलेली माणसं शेती करतात, माग चालवतात. तिथे माणसाला जमेल तसं काम बेतलं जातं. घरातल्या आजी-आजोबांसाठी एक उंच स्टूल आणि न्हाणीघरात भिंतीला एक दांडी, एवढी सुरुवात आजच करता येईल.