न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी

लोकमान्य टिळकांचे नाव आपल्या बाभुळगावात लहान मुलांनाही ठाऊक आहे. पण १८९७ साली त्यांना जामीन देणाऱ्या न्यायाधीशांची आठवण फारशी कोणी काढत नाही. ते म्हणजे बद्रुद्दीन तय्यबजी.

१८४४ साली मुंबईतील एका व्यापारी मुस्लिम कुटुंबात त्यांचा जन्म झाला. कोवळ्या वयात ते विलायतेला गेले. डोळ्यांच्या विकारामुळे मध्येच परतावे लागले, तरी पुन्हा जाऊन १८६७ साली बॅरिस्टर होऊनच आले. १८८७ साली मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनाचे ते अध्यक्ष झाले. सर सय्यद अहमद यांच्यासारखे पुढारी काँग्रेसच्या विरोधात असताना हे सोपे नव्हते.

१८९५ साली ते मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश झाले आणि दोनच वर्षांत कसोटी आली. राजद्रोहाच्या आरोपाखाली टिळकांना अटक झाली. त्याच हायकोर्टाने एकदा जामीन नाकारला होता. खटला सेशन्सकडे गेल्यावर दिनशा दावर यांनी पुन्हा अर्ज केला, तो तय्यबजींसमोर. काँग्रेसचा माजी अध्यक्ष टिळकांना सोडतो, असे बोलायला लोकांना जागा होतीच! तय्यबजींनी एवढेच पाहिले, की आरोपी खटल्याला हजर राहील का आणि तुरुंगात राहून त्याला बचावाची तयारी करता येईल का. जामीन मंजूर झाला. पुढे दुसऱ्या न्यायाधीशांपुढे खटला चालून टिळकांना दीड वर्षाची शिक्षा झाली, ती गोष्ट वेगळी.

१९०८ साली हेच दावर न्यायासनावर बसले होते आणि त्यांनी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा ठोठावली. ते पाहायला तय्यबजी नव्हते. १९०६ साली लंडनमध्ये त्यांचे निधन झाले होते.