विश्लेषण : नेकनूरचे ‘करायलो’ दादोबांच्या व्याकरणात कुठे बसते?

बीड जिल्ह्यातील नेकनूरच्या बाजारात ‘काय करायलास?’ हा प्रश्न सहज कानी पडतो. शाळेच्या पुस्तकात तोच ‘काय करतो आहेस?’ असा छापलेला असतो. धातू एकच, ‘कर’. फरक आहे तो त्याला जोडलेल्या प्रत्ययांचा. मराठी क्रियापदाचे असे नियम मराठीतूनच शिस्तीने मांडण्याचा पाया घालणाऱ्यांत दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे नाव अग्रणी आहे. त्यांना मराठी भाषेचे पाणिनी म्हटले जाते. त्यांचे कार्य काय, आणि मराठवाड्याची रूपे त्यांच्या नियमांत बसतात का?

कोण होते दादोबा?

दादोबांचा जन्म ९ मे १८१४ रोजी मुंबईत झाला. शिक्षणही तिथेच झाले. ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ हा त्यांचा ग्रंथ १८३६ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा ते अवघे २२ वर्षांचे होते. पुढे ते सुरतेला इंग्रजी शाळेत शिक्षक झाले. १८४४ मध्ये तिथे मानवधर्म सभा स्थापन करण्यात त्यांचा पुढाकार होता. मुंबईत परतल्यावर त्यांनी शिक्षक घडवण्याचे काम केले. १८४९ च्या सुमारास सुरू झालेल्या परमहंस सभेचेही ते प्रवर्तक होते. जातिभेद न मानणाऱ्या या सभेचे कामकाज गुप्तपणे चाले. त्यांचे धाकटे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग यांनी १८६७ मध्ये प्रार्थना समाजाच्या स्थापनेत पुढाकार घेतला.

व्याकरणाची गरज का भासली?

त्या काळी व्याकरण म्हणजे संस्कृतचे, अशी समजूत होती. घरीदारी बोलल्या जाणाऱ्या मराठीला नियम असतात, हे अनेकांना पटत नसे. विल्यम केरी यांनी १८०५ मध्ये श्रीरामपूर येथे मराठीचे व्याकरण छापले होते, पण ते इंग्रजीत होते आणि मराठी शिकू पाहणाऱ्या परकीयांसाठी होते. इकडे मुंबई इलाख्यात मराठी शाळा निघू लागल्या होत्या. मुलांना मराठी शिकवायची, तर तिचे नियम मराठीतच सांगायला हवे होते. दादोबांनी इंग्रजी व्याकरणांची मांडणी आणि संस्कृतमधील संज्ञा यांची सांगड घातली आणि ते काम हाती घेतले.

क्रियापदाचे प्रत्यय काम कसे करतात?

‘करतो’ हे रूप घ्या. ‘कर’ हा धातू. ‘त’ वर्तमानकाळ सांगतो. शेवटचा ‘ओ’ कर्त्याची माहिती देतो. म्हणून पुरुष ‘मी करतो’ म्हणतो, स्त्री ‘मी करते’ म्हणते, आणि अनेकजण असले की ‘ते करतात’ होते. ‘त’च्या जागी ‘ल’ आला की भूतकाळ होतो : ‘गेलो’, ‘बसलो’. ‘व’ आला की कर्तव्य किंवा इच्छा व्यक्त होते : ‘करावे’. व्याकरणात या रूपांना ताख्यात, लाख्यात, वाख्यात अशी नावे आहेत.

खरी गंमत सकर्मक धातूच्या भूतकाळात आहे. ‘राम पोळी खातो’ यात क्रियापद रामाच्या मागे जाते. ‘रामाने पोळी खाल्ली’ म्हणताच ते रामाला सोडून पोळीच्या मागे जाते. पोळीऐवजी आंबा असेल, तर ‘खाल्ला’. म्हणजे ‘ल’ हा प्रत्यय काळ तर सांगतोच, शिवाय क्रियापदाने कोणाशी जुळवून घ्यायचे हेही ठरवतो. कर्तरी आणि कर्मणी प्रयोगांतला हा भेद इंग्रजीच्या साच्यात नीट बसत नाही. तिथे संस्कृत व्याकरणाची परंपरा कामी येते.

इतर भाषांत असे घडते का?

फिलिपिन्समधील तागालोग भाषा याबाबत आणखी पुढे जाते. तिथे ‘काइन’ म्हणजे खाणे. धातूच्या पोटात ‘उम’ घातला की ‘कुमाइन’ होते आणि वाक्याचा रोख खाणाऱ्यावर येतो. ‘इन’ घातला की ‘किनाइन’ होते आणि रोख खाल्लेल्या पदार्थावर जातो. मराठीचे प्रत्यय धातूच्या शेवटी लागतात, तागालोगचे मध्येही शिरतात. वाक्यात महत्त्व कोणाला, हा निर्णय मात्र दोन्हीकडे प्रत्ययाच्या हाती असतो.

मग ‘करायलो’चे काय?

दादोबा १८५२ मध्ये अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) डेप्युटी कलेक्टर झाले. या जिल्ह्याला लागूनच निजामाचे राज्य सुरू होई, आणि बीड, नेकनूर हा मुलूख त्या राज्यात होता. तिथे सरकारी कामकाज आधी फारसीत आणि नंतर उर्दूत चाले. १९४८ मध्ये निजामाची राजवट संपली, १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाले. शाळांतली प्रमाण मराठी इकडे रुजली ती प्रामुख्याने या काळात. पुणे-मुंबईकडच्या शिष्ट बोलीवर बेतलेली ही मराठी वहीत उतरली आणि ‘करायलो’खाली लाल रेघ आली.

दादोबांची पद्धत लावून पाहिली, तर ‘करायलो’ अजिबात बेशिस्त नाही. पुरुष ‘मी करायलो’ म्हणतो, स्त्री ‘मी करायले’. ‘तू करायलास’, ‘ती करायली’. शेवटचे प्रत्यय ‘गेलो, गेले, गेलास, गेली’ यांच्यासारखेच आहेत. फरक दोन. पुस्तकात भूतकाळ दाखवणारा ‘ल’ इथे आत्ता चालू असलेली क्रिया सांगतो. दुसरे म्हणजे, ‘रामाने पोळी खाल्ली’ असे म्हणणारा नेकनूरकर ‘राम पोळी खायलाय’ म्हणतो, तेव्हा क्रियापद रामाच्याच मागे राहते. हा नियमाचा भंग नाही. हा वेगळा नियम आहे, आणि तो शाळेत न गेलेली माणसेही चोख पाळतात.

दादोबांच्या कामाचे पुढे काय झाले?

१८५० मध्ये त्यांनी ग्रंथाची सुधारून वाढवलेली दुसरी आवृत्ती काढली. विद्यार्थ्यांसाठी लघु व्याकरणही लिहिले. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी ‘शालापत्रक’मधून त्यांच्या मांडणीची चिकित्सा केली. मोरो केशव दामले यांनी १९११ मध्ये ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ लिहून ही चर्चा पुढे नेली. १७ ऑक्टोबर १८८२ रोजी दादोबांचे निधन झाले. मराठीला नियम नाहीत, हा समज त्यांनी वयाच्या बाविसाव्या वर्षी खोडून काढला होता. नेकनूरच्या बोलीबद्दल तो समज आजही शिल्लक आहे. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत ‘करतो आहे’ लिहायला शिकवावेच लागेल. ते शिकवताना ‘करायलो’ला अशुद्ध ठरवण्याची गरज नाही. दोन्ही रूपे फळ्यावर शेजारी लिहून त्यांचे प्रत्यय सुटे करून दाखवले, तरी मुलाला आपल्या घरच्या भाषेतले व्याकरण दिसेल.