दादासाहेब फाळके यांचे घर

अमेरिकेतील राइट बंधूंची कथा आमच्या विद्यार्थिवाचकांस ठाऊक असेलच. त्यांचे वडील बिशप होते. त्यांनी १८७८ साली मुलांकरिता एक उडते खेळणे घरी आणले, आणि त्यातून लागलेला ध्यास १९०३ च्या डिसेंबरात स्वहस्ते बांधलेल्या विमानाने पुरा झाला. आमच्या नाशिक जिल्ह्यातील एका गृहस्थानेही मुलाबाळांसह घरातच असा उद्योग मांडला होता. मात्र त्यातून निघाले ते विमान नव्हे, चित्रपट होय.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी झाला. वडील संस्कृताचे पंडित होते. मुंबईच्या विल्सन कॉलेजात त्यांची नेमणूक झाली व कुटुंब तिकडे गेले. धुंडिराजांनी चित्रकला, छायाचित्रण, छापखाना असे नाना व्यवसाय केले. आडनावाची अक्षरे उलटवून प्रोफेसर केळफा या नावाने जादूचे खेळही केले!

१९११ च्या एप्रिलात ते ज्येष्ठ पुत्र भालचंद्र यास घेऊन गिरगावातील एका चित्रगृहात गेले. पडद्यावर हिंडणारी जनावरे पाहून आलेला मुलगा घरी ती हकीकत सांगू लागला, परंतु कोणी ती खरी मानीना. तेव्हा दुसऱ्या दिवशी फाळके सर्वांनाच घेऊन गेले. ईस्टरचा सण असल्यामुळे त्या दिवशी ख्रिस्तचरित्र दाखविले जात होते. ते पाहता पाहता श्रीकृष्ण व श्रीराम असेच पडद्यावर का आणू नयेत, या विचाराने फाळके यांना घेरले.

पुढील दिवस कठीण गेले. अहोरात्र अभ्यासाने त्यांची दृष्टी काही काळ अधू झाली. विम्याच्या पॉलिसी गहाण पडल्या. १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन परतले. भांडवल देणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून त्यांनी कुंडीतील वाटाण्याच्या रोपाची रोज थोडी थोडी चित्रे घेतली. पडद्यावर ते रोप क्षणांत वाढताना दिसे. पालकांस आम्ही विचारतो, घरातील पुंजी अशा खेळावर लावण्यास आपणांपैकी किती जण धजावतील? सरस्वतीबाई धजावल्या. त्यांनी दागिने दिले, आणि अंधाऱ्या खोलीत बसून फिल्मला भोके पाडण्याचे व ती रसायनांत धुण्याचे कामही अंगावर घेतले. या उद्योगाच्या श्रेयाचा मोठा वाटा त्या माउलीचा आहे, असे आमचे मत आहे.

‘राजा हरिश्चंद्र’ या चित्रपटातील रोहिदासाला अरण्यात हिंडावे लागते, मग मृत्यू येतो. त्यामुळे कोणी आपला मुलगा देईना. अखेर भालचंद्रच रोहिदास झाला. चित्रपट ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात लागला. नंतर फाळके यांनी आपला सारा पसारा नाशिकास हलविला.

उत्तरायुष्यात त्यांचे भागीदारांशी बिनसले. बोलपट आल्यावर त्यांचा काळ सरला. ‘गंगावतरण’ (१९३७) हा त्यांचा अखेरचा चित्रपट होय. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकातच त्यांचे निधन झाले.

१९१९ च्या ‘कालियामर्दन’ या चित्रपटाचा बराच भाग आजही शाबूत आहे. त्यात त्यांची लहानगी कन्या मंदाकिनी श्रीकृष्ण झाली आहे. कथेस आरंभ होण्यापूर्वी ती पोर एकटीच आपल्यासमोर येते, आणि चेहऱ्यावरचे भाव एकामागून एक पालटून दाखविते.